चालताना पोटरी का भरून येते?

पायाच्या धमन्या अरुंद झाल्या की ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येते. दोन-चार मिनिटे उभे राहिले की कळ ओसरते. पुन्हा तेवढेच चालले की परत उठते. धमनीच्या भिंतीत चरबीचे थर साचलेले असतात. बसल्या जागी पुरणारे रक्त चालताना अपुरे पडते.

स्नायू एटीपी या रेणूवर चालतो. त्याचा साठा काही सेकंदांचाच. क्रिएटिन फॉस्फेट तो भरून काढते, पण तेही लवकर आटते. पुढची भिस्त पेशीतल्या तंतुकणिकांवर. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळतात. नसेल तर अवघे २, आणि लॅक्टेट साचते. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत हा हिशेब दिसतो. रुग्ण यंत्रात पडल्या पडल्या पावलाने पेडल दाबतो, तशी क्रिएटिन फॉस्फेटची पातळी उतरते. थांबल्यावर निरोगी पोटरीत निम्म्याहून अधिक भरपाई मिनिटभरात होते. रक्त कमी पोचणाऱ्या पोटरीत ती रेंगाळते. वर्षानुवर्षे असे चालले की तंतुकणिका बिघडतात आणि स्नायू बारीक होतो.

मधुमेहात यात भर पडते. जेवणानंतर इन्सुलिनच्या इशाऱ्यावर ग्लूट-४ ही वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येऊन साखर आत घेतात. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या स्नायूत ती पुरेशी वर येत नाहीत. त्यातच गुडघ्याखालच्या धमन्या अधिक खराब होतात आणि नसा बधिर झाल्याने कळही जाणवत नाही. तपासणीत घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या दाबाने भागतात, उत्तर ०.९० किंवा कमी आले तर धमनीरोग धरतात. मात्र मधुमेहात कॅल्शियमने कडक झालेली धमनी दाबली जात नाही, आकडा फसवा चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

तंबाखू सोडणे, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे याच्या जोडीला चालणे हाच मोठा उपचार. कळ मध्यम होईपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा निघायचे; आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी ३० ते ४५ मिनिटे, किमान १२ आठवडे. याने घोट्याचा दाब फारसा बदलत नाही, तरी चालण्याचे अंतर वाढते, कारण स्नायू मिळालेला ऑक्सिजन अधिक नेटका वापरू लागतो. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता ग्लूट-४ वर आणतो. पावले बधिर असतील तर रोज तळवे आणि चपला-बूट आतून तपासावे लागतात. जखम असेल किंवा झोपेतही पाय दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे लागते.