सोयाबीनच्या कुटारावर धिंगरी अळिंबी



ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना एका सभासदाच्या ओसरीवर चहा घेता घेता आम्ही अळिंबीचा विषय काढला. आतून म्हातारीचा आवाज आला, "साहेब, हे कुत्र्याचं छत्तर आमाले खायले सांगता का?" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण बाईंची शंका रास्त होती. पावसाळ्यात उकिरड्यावर, बांधावर उगवणाऱ्या छत्र्यांत खाण्याजोग्या कोणत्या आणि जिवावर बेतणाऱ्या कोणत्या हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, ही समजूत साफ खोटी आहे. काही विषारी छत्र्यांचे विष शिजवल्यानेही जात नाही. म्हणून रानातले अनोळखी काही आणून खाऊ नये. आम्ही सांगतो ती धिंगरी आपण बियाणे आणून, आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत वाढवायची. वारुळावरच्या टेकोड्यांची भाजी ज्यांनी चाखली आहे त्यांना तिची चव परकी वाटणार नाही.

हा विषय या अंकात घेण्याचे कारण सभासदांना ठाऊक आहे. लागणीपासून बिल हातात पडेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते. किराणा, शाळेची फी, दवाखाना तोवर थांबत नाहीत. धिंगरीने हे सगळे भागेल असे आम्ही म्हणणार नाही. दहा पिशव्यांनी घरात भाजी होते, थोडी विकली जाते आणि तो पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतो. एवढ्यावर समाधान असेल तरच पुढे वाचावे.

बाजारात दिसणारी पांढरी गोल अळिंबी म्हणजे बटन. तिला फळ धरताना चौदा ते अठरा अंश गारवा लागतो. आपल्या वऱ्हाडात ते काम यंत्राने खोली थंड करणाऱ्याचे आहे. धिंगरी वीस ते तीस अंशांत येते, खत कुजवावे लागत नाही, नुसते कुटार पुरते. भाताच्या पेंढ्यावर तिची लागवड म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६२ साली करून पाहिली गेली. हिमाचलातील सोलन येथे १९८३ मध्ये अळिंबीचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. आपल्याला मात्र एवढ्या दूर जायला नको. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या दारात आहे. तेथील वनस्पती रोगशास्त्र विभागात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात बियाण्याची व प्रशिक्षणाची चौकशी करावी. बियाणे म्हणजे ज्वारी-गव्हाच्या शिजवलेल्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. दाणे पांढऱ्या तंतूंनी गुंफलेले असावेत. हिरवा-काळा डाग किंवा आंबूस वास असेल तर ते परत करावे, भीड धरू नये.

आता कृती. दहा किलो कोरडे, त्याच वर्षीचे कुटार घ्यावे. सोयाबीनचे उत्तम, गव्हाचेही चालते. उसाचे पाचट वापरायचे तर दोन-दोन इंचांचे तुकडे करावेत. (पाचट मुख्यतः खोडव्याच्या सरीतच राहू द्या आणि पेटवू तर मुळीच नका. बगॅस मागायला कारखान्यावर येऊ नका. बॉयलरचे पोट त्यावरच चालते, शिवाय त्यातल्या उरल्यासुरल्या साखरेवर हिरवी बुरशी लवकर धरते.) कुटार पोत्यात भरून रात्रभर पाण्यात बुडवावे. सकाळी निथळून कडक गरम पाण्यात, उकळीच्या अलीकडे म्हणजे सुमारे ऐंशी अंशांवर, तासभर ठेवावे. मग स्वच्छ ताडपत्रीवर सावलीत पसरून थंड होऊ द्यावे. मूठभर कुटार दाबले असता हात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. सारे यश या मुठीत आहे.

आम्ही स्वतः पहिल्या वेळी इथेच चुकलो. परतीच्या पावसात भिजून काळे पडलेले सोयाबीनचे कुटार फुकट मिळाले म्हणून घेतले, घाईत पुरते निथळलेही नाही. आठव्या दिवशी बाराच्या बारा पिशव्या हिरव्यागार. वर खोली कोठ्याला लागून, त्यामुळे चिलटांचा थवा. घरच्या मंडळींनी तो प्रसंग अजून विसरू दिलेला नाही.

ओल्या कुटाराच्या वजनाच्या दोन टक्के बियाणे लागते. दहा किलो कोरडे कुटार भिजून तीस किलोच्या आसपास भरते, म्हणजे सहाशे ग्रॅम बियाणे. हात साबणाने धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत तीन-चार इंच कुटाराचा थर, त्यावर कडेने बियाणे, पुन्हा थर, असे दाबून भरावे. तोंड बांधून सुईने वीस-पंचवीस छिद्रे पाडावीत. एका पिशवीत तीन किलो ओले कुटार बसते, म्हणून दहा पिशव्या होतात. त्या अंधाऱ्या, स्वच्छ खोलीत टांगाव्यात. पंधरा ते वीस दिवसांत पिशवी आतून पांढरीशुभ्र होते. मग प्लास्टिक कापून काढावे, खिडकी उघडावी, थोडा उजेड येऊ द्यावा. भोवती ओली तरटे लावून दिवसातून दोन-तीनदा फवाऱ्याने हलके पाणी मारावे. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे तरटांचा आळस परवडत नाही. हवा कोंडली तर दांडे लांब आणि छत्री बारीक येते.

तीन-चार दिवसांत कळ्या दिसतात, आणखी तितक्याच दिवसांत काढणी येते. छत्रीची कड वर वळण्याआधीच हलके पिळून काढावी. उशीर केला तर बीजाणू उडतात आणि काहींना खोकल्याचा त्रास होतो, म्हणून खोलीत जाताना नाकाला रुमाल बांधावा. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दुसरी, मग तिसरी काढणी मिळते. एक किलो कोरड्या कुटारामागे एकूण अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी धरून चालावे. जमले तर किलोपर्यंत जाते, पण हिशेब अर्ध्यावर करावा. ऑगस्ट ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. अकोल्या-अमरावतीच्या उन्हाळ्यात हिच्या नादी लागू नये.

विक्रीचे मात्र आधी ठरवावे. ताजा माल साध्या हवेत दिवसभरच बरा राहतो. आमच्या ओळखीच्या एका सभासदाने "बियाणे आम्ही देतो, सगळा माल आम्हीच घेतो" या बोलीवर उसाच्या बिलातली मोठी रक्कम अनामत भरली. बियाणे एकदा आले, माल न्यायला कोणी आले नाही. अशा बोलीवर एक पैसाही आगाऊ देऊ नये. पहिल्या दहा पिशव्या शेजारी, नातेवाईक आणि तालुक्यातल्या एक-दोन खानावळींत खपतात का पाहावे. उरेल ती उन्हात कडकडीत वाळवून घट्ट डब्यात ठेवावी. वाळून दहावा हिस्सा उरतो, पण काही महिने टिकतो आणि भिजवून भाजी होते.

तिसऱ्या काढणीनंतरचे कुटार गांडूळखताच्या खड्ड्यात टाकावे. सोयाबीनची मळणी झाली की स्वच्छ, न भिजलेले दोन पोती कुटार बाजूला काढून ठेवा. ज्यांना पहिली भरणी आमच्यासमोर करायची असेल त्यांनी गट कार्यालयात नाव द्यावे. एका गावात पाच घरे झाली तर आम्ही तिथेच येऊ, ड्रम मात्र तुमचा.