क्रांती चौकातून निघाला कॅमेरा!

छत्रपती संभाजीनगरच्या हौशी फोटोग्राफरला विषयांची ददात नाही. रहदारी, मकबरा, लेणी, पाखरं... सगळं एकाच जिल्ह्यात! सुरुवात अर्थातच क्रांती चौकातून.

मान वर करा!
शिवरायांचा अश्वारूढ पुतळा २१ फुटांचा, त्याखालचा चौथरा ३१ फुटांचा. उड्डाणपूल झाल्यावर जुना पुतळा झाकोळला, म्हणून उंची वाढवायची मागणी झाली. नवा पुतळा १८ फेब्रुवारी २०२२ ला, शिवजयंतीच्या आदल्या रात्री खुला झाला. अगदी पायथ्याशी उभं राहून टिपलात तर चौथराच भव्य येतो. लांब जा आणि झूम करा. महाराज आणि घोडा दोघंही प्रमाणात येतील.

गाड्या गायब!
सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांत आभाळ गर्द निळं होतं. ट्रायपॉड फुटपाथवर, आयएसओ १००, शटर १० सेकंद. चौकातून जाणाऱ्या जालना रोडवरच्या गाड्या फोटोतून चक्क नाहीशा होतात. उरतात फक्त दिव्यांच्या लाल-पांढऱ्या रेघा. सोशल मीडियावर हमखास दाद मिळवणारा फोटो!

दोन पांढरे
बीबी का मकबऱ्याचा घुमट संगमरवरी, पण भिंतींचा बराच भाग चुन्याच्या गिलाव्याचा. लांबून सगळं एकसारखं दिसतं. तिरप्या उन्हात क्लोज-अप घ्या: दगड चमकतो, गिलावा उजेड पिऊन मऊ दिसतो.

वेरूळला दुपारनंतरच
इथली लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी दर्शनी भाग सावलीत, कलत्या उन्हात तोच सोनेरी. मार्चमध्ये तर दहाव्या लेण्यात मावळतीची किरणं थेट बुद्धमूर्तीपर्यंत पोचतात. अखंड कैलास लेणं एका फ्रेममध्ये हवं? बाजूच्या टेकडीवर चढा.

गुलाबी पाहुणे
हिवाळ्यात जायकवाडीच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. चोच उलटी बुडवून पाणी गाळत खातात, तेव्हा मान इंग्रजी ‘एस’सारखी वळते. तोच क्षण पकडा. जवळ जायचा मोह मात्र टाळा. थवा उडाला तर त्याचं खाणं मोडतं.

अजिंठ्याचा धडा
मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती रंगवत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण त्याआधीच त्याने कॅमेरा हाती घेतला होता, आणि त्याचे लेण्यांचे फोटो आजही पाहायला मिळतात. लेण्यात फ्लॅश मात्र बंद. रंगांना जपायला हवं.

बावन्न दरवाजांच्या या शहरात आज मोजकेच दरवाजे उभे आहेत. म्हणून फोटो टाकताना खाली जागा आणि तारीख जरूर लिहा. आज लाइक मिळवणारा फोटो उद्या शहराचा दस्तऐवज ठरेल!