संध्याकाळची गोळी

जुन्या हुबळीत माझ्या मावसबहिणीच्या घरी संध्याकाळी सात वाजता सगळी कामं बाजूला राहतात. वॉरफरिनची गोळी ती कापायच्या डबीत ठेवून अर्धी करते, लेकाला देते, त्याने गिळल्याची खात्री करते आणि मग वहीत खूण करते. सकाळची अ‍ॅस्पिरिन वेगळ्या पानावर.

मुलाला कावासाकीचा आजार झाला होता. डॉ. तोमिसाकू कावासाकींनी असा पहिला रुग्ण टोकियोत १९६१ साली पाहिला आणि १९६७ साली ५० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. न हटणारा ताप, लाल डोळे, लालभडक जीभ, अंगावर पुरळ. गोवर समजून दिवस जातात. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन मिळालं, तर हृदयाच्या धमनीला फुगा येण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्या आसपास उतरतो. या मुलाचं निदान त्यानंतर झालं.

त्याच्या डाव्या धमनीचा फुगा आठ मिलिमीटरच्या वर होता. अशा रुंद जागी रक्त संथ होतं, घुटमळतं आणि गुठळी धरू शकतं; म्हणून दोन्ही औषधं. हृदयाच्या इको तपासणीच्या वेळी मी सोबत गेले होते. थंड जेल लागताच मुलगा आक्रसला, आईने मोबाइलवर कार्टून लावलं. डॉक्टर एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजत होते. आकडा आधीपेक्षा कमी आला. बहिणीचा चेहरा उजळला, तेव्हा ते म्हणाले, "ताई, फुगा लहान झाला म्हणजे भिंत पूर्ववत झाली असं नाही. आतून ती जाड होते, पुढे वाट अरुंद होऊ शकते. तपासणी सोडायची नाही."

मग त्यांनी वही मागितली. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर दोन ते तीनमध्ये हवा. एकदा तो घसरला, त्याच आठवड्यात घरी रोज मेथी-पालक झाला होता. पालेभाजी बंद नाही, पण तिचं प्रमाण सारखं हवं. वहीतल्या या ओळी मला तपासणीच्या अहवालाइतक्याच मोलाच्या वाटतात.

रक्त पातळ ठेवायचं असल्याने कबड्डी बंद आहे, त्यावर तो रोज रुसतो. डोक्यावर पडला तर लगेच फोन करा, असं शाळेतल्या बाईंना सांगून ठेवलंय. तापाला आयबुप्रोफेन द्यायचं नाही, कारण ते अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणतं. वर्गात कांजिण्या निघाल्या तरी डॉक्टरांना कळवायचं. फ्लू किंवा कांजिण्यांत अ‍ॅस्पिरिन चालू राहिली तर यकृत आणि मेंदूला इजा होण्याची भीती असते. म्हणून यंदा फ्लूची लस आजीसकट घरातले सगळेच घेणार आहेत.