सुतार झाड मारत नाही

यशवंतपूरलगतच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात सोनपाठी सुतार पक्षी दिसतो. पाठ सोनेरी, तुरा लाल. मादीचं कपाळ मात्र काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं. ताठ शेपटीचा खोडाला टेकू देऊन तो टकटक करतो, म्हणून झाड पोखरून मारतो असा आळ त्याच्यावर येतो. पण त्याचं मुख्य खाणं मुंग्या आणि सालीखालच्या अळ्या. कीड आधी लागते, चोच नंतर येते. घरट्यासाठीही तो बहुधा कुजकं, मऊ लाकूडच कोरतो. आत दोन-तीन पांढरी अंडी. सुमारे ११ दिवसांत पिल्लं अंड्यातून बाहेर येतात. सोडलेली ढोली पुढे मैना, पिंगळे वापरतात. म्हणून वाळकं झाड सरसकट तोडू नये. ते अंगावर पडेल ही भीती खरीच; मग धोक्याच्या फांद्या उतरवाव्यात, भक्कम खोड उभं ठेवावं. उद्यानं सांभाळणाऱ्यांनी एवढं करावंच.