पाचवे कारण

गेल्या वर्षीच्या आषाढी दशमीची रात्र. पालख्या वाखरीहून पंढरीत येऊन पोहोचल्या होत्या, चंद्रभागेच्या वाळवंटात पाऊल ठेवावयास जागा उरली नव्हती, आणि आमच्या लहानशा मठातले कीर्तन आटोपता आटोपता मध्यरात्र उलटून गेली होती. आरती झाली, बुक्का लावून झाला, श्रोते पांगले. खांबाला टेकून एक वृद्ध गृहस्थ मात्र बसून राहिले. पंचाहत्तरीच्या घरातले, साधा सदरा-पायजमा, हातात कापडी पिशवी. जवळ येऊन त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बुवा, पूर्वरंगात आपण म्हणालात की, जीवाचा हात धरून त्याला नेणारा तोच एक आहे. मला तो एकदा चर्चमध्ये घेऊन गेला होता. निदान मी तरी तसेच समजत होतो. एकोणीस वर्षे मी तेथे होतो, आणि तेथून बाहेर पडूनही आता बरीच वर्षे झाली. तर मला तेथे देवानेच नेले होते, की मी वाट चुकलो होतो?"

मी त्यांना बसावयास सांगितले. गृहस्थ निवृत्त शिक्षक. तरुणपणी परमुलखात नोकरीस असताना त्यांची पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली. गावाकडच्या नातलगांना पत्रे गेली, तारा गेल्या. येणारे कोणी आले नाही. रुग्णालयात शेजारच्या खाटेवरील रुग्णासाठी येणाऱ्या एका ख्रिस्ती कुटुंबातील तिघेजण आळीपाळीने या बाईच्या उशाशी रात्री जागले. त्यांनी तिचे अंग पुसले, तिला पाणी पाजले, शेवटच्या रात्री तिच्यासाठी प्रार्थना केली. ती गेली. पुढल्या वर्षी गुरुजींनी बाप्तिस्मा घेतला. कोणी आग्रह केला नव्हता, कोणी पैसा दाखविला नव्हता, हे त्यांनी मला दोनदा सांगितले. पुढे त्या मंडळीत मालमत्तेवरून दोन तट पडले, देवाच्या घरात कोर्टकचेरीची भाषा सुरू झाली, आणि गुरुजी एके रविवारी गेले नाहीत ते पुन्हा गेलेच नाहीत.

परंतु त्यांच्या शंकेचे मूळ याहून खोल होते. त्यांची आई जन्मभर पंढरीची वारी करणारी. मुलगा ख्रिस्ती झाल्यावर तिने त्याचे ताट वेगळे ठेवले, आणि त्या ताटात वाढताना ती दर वेळी रडली. ती वारली तेव्हा गुरुजी थोरले असूनही भावांनी त्यांना चितेजवळ येऊ दिले नाही. ते रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली उभे राहिले आणि त्यांनी धूर पाहिला. "बुवा," ते म्हणाले, "देवाने मला तेथे नेले असेल, तर आईच्या चितेपासून मला दूर ठेवणाराही देवच. आणि त्याने नेले नसेल, तर माझ्या बायकोच्या उशाशी त्या तिघांना पाठविले कोणी?"

वाचकहो, चाळीस वर्षे मी निरूपण करीत आलो आहे. शंकेला उत्तर देणे हा माझा व्यवसाय म्हणा, व्रत म्हणा. त्या रात्री मला उत्तर सुचले नाही. उलट आठवले ते असे की, उमेदीच्या काळात श्रोत्यांत हशा पिकविण्यासाठी मी स्वतः धर्म बदललेल्यांवर कोट्या केल्या आहेत, आणि त्या कोट्या ऐकत असा एखादा गृहस्थ खांबाआड बसला असेल हे माझ्या मनात कधी आले नव्हते. "द्वादशीस पारणे झाल्यावर या," एवढेच मी त्यांना म्हणालो.

मधल्या एकादशीच्या दिवशी उपवास होता, जागर होता, आणि मन मात्र त्या प्रश्नाभोवती फिरत होते. हा प्रश्न विचारणारे गुरुजी पहिले नव्हेत. महाराष्ट्राला सर्वांत परिचित उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. जन्म १८६१ सालचा, कोकणातील करजगावचा. नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन. राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. वाचता वाचता ते त्यातील डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढी कथा सर्वांना ठाऊक असते. आपण विसरतो तो तिचा उत्तररंग. वीसेक वर्षे मिशनच्या सेवेत घालवून, पाळक होऊन, 'ज्ञानोदया'ची मराठी बाजू सांभाळून टिळक १९१७ साली त्या चाकरीतून बाहेर पडले. त्यांनी वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. परदेशी मिशनच्या छत्राखाली येथला ख्रिस्ती माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा राहतो, हे त्यांचे दुःख होते. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे देहावसान झाले.

टिळकांनी ख्रिस्त सोडला नाही. सोडले ते कुंपण. हा भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. देवाने आपल्याला तेथे नेले याविषयी त्यांना अखेरपर्यंत शंका नव्हती, आणि ज्या संस्थेत नेले ती संस्था म्हणजे देव नव्हे याविषयीही नव्हती. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, नेले कोणत्या वाटेने असे विचारले असता ते तुकोबांचे नाव घेत. तुकोबांनी बांधलेल्या सेतूवरून आपण पलीकडे गेलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. आता आम्ही देहूच्या पालखीपुढे लोटांगण घालणारी माणसे या उद्गाराचे काय करणार? मला तो तरुणपणी बोचत असे. आज तितका बोचत नाही. पूल बांधणाऱ्याने वर चढणाऱ्यास अमुकच तीरावर उतर असे बजावलेले नसते.

परंतु टिळकांच्या निश्चयाची किंमत कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. पती ख्रिस्ती झाल्याची वार्ता आली तेव्हा पदरी लहान दत्तू होता. सुमारे पाच वर्षे ती माउली पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहिली, आणि त्यातील काही काळ आमच्या याच पंढरीत. ज्या वाटेने मी रोज स्नानास जातो, त्या वाटेने ती बाई जळत्या मनाने नदीवर गेली असेल. पुढे ती पतीकडे गेली तरी सोवळे तिने लगेच सोडले नाही. ते तिने आपल्या बुद्धीने, आपल्या वेळेस सोडले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्या घरांत अद्याप नसेल त्यांनी ते अवश्य आणावे. धर्म कोणताही असो, संसार मोडताना आणि पुन्हा जुळताना काय होते ते त्या पुस्तकात हसत हसत सांगितलेले आहे. पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेताना या बाईने चौसष्ट अध्याय रचले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या बाईने!

पंडिता रमाबाईंचा मार्ग निराळा. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. ते तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडणारे, म्हणजे आम्हा हरदासांच्या भाऊबंदांपैकीच. दुष्काळात आई-वडील गेले. इंग्लंडात वॉन्टेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच काळात तेथल्या धर्मभगिनींशी त्यांचा वाद जुंपला. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती संस्कृत का नसावीत, हा त्यांचा प्रश्न होता. पुढारी सांगतील ते मुकाट्याने मानणे त्यांना मंजूर नव्हते. आणि १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी जे कबूल केले ते विलक्षण आहे: आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त भेटला तो पुष्कळ वर्षांनी. याचा अर्थ असा की, प्रवेशाच्या दिवशी आपण देवापाशी पोहोचलो होतो असे त्यांनाही नंतर वाटले नाही.

आणि बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय. जन्म टिळकांच्याच वर्षी, १८६१ साली. १८९१ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि काही महिन्यांतच कॅथलिक संप्रदायात गेले. त्यांनी भगवी वस्त्रे घेतली. सत्, चित् आणि आनंद या आपल्या वेदान्ती संज्ञांतून त्यांनी ख्रिस्ती त्रैक्याचे स्तोत्र गीर्वाणवाणीत रचले. स्तोत्र म्हणून ते उत्तम उतरले आहे, हे मी संस्कृताचा एक विद्यार्थी या नात्याने मान्य करतो. नर्मदातीरी मठ स्थापण्याचा त्यांचा मनोरथ चर्चच्या अधिकाऱ्यांनी चालू दिला नाही. पुढे १९०७ साली त्यांनी हिंदू पद्धतीने प्रायश्चित्त घेतले, त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात ते पकडले गेले आणि खटला चालू असतानाच ऑक्टोबरात वारले. त्यांचा अंत्यविधी हिंदू रीतीने झाला. त्यांच्या निकटच्या शिष्याच्या मते मात्र त्यांची श्रद्धा अखेरपर्यंत ढळली नव्हती. ते परत आले होते की नाही? दोन्ही बाजूंचे लोक अद्याप वाद घालतात.

परत येणाऱ्यांशी आपण कसे वागलो, हाही प्रकार तपासून पाहण्यासारखा आहे. १८४३ साली मुंबईत श्रीपाद शेषाद्री या मिशनऱ्यांकडे राहिलेल्या कोवळ्या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तर सनातनी मंडळींनी बाळशास्त्रींवरच गिल्ला केला. म्हणजे जाणाऱ्यास बोल लावावयाचा आणि येणाऱ्यास दार लावावयाचे. असो.

एकादशीच्या जागरात, पहाटेच्या सुमारास, मला गीतेचा अठरावा अध्याय आठवला. तेथे भगवंतांनी कोणत्याही कर्माची कारणे पाच सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असे श्रीशंकराचार्य म्हणतात; दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता, असा त्यांचा अर्थ. श्रीरामानुजाचार्य मात्र या पाचव्या ठिकाणी अंतर्यामी परमात्मा पाहतात. अर्थ कोणताही घ्या, संख्या पाचच राहते. एकटा मीच कर्ता असे मानणाऱ्यास भगवंतांनी मंदबुद्धी ठरविले आहे. त्यावरून मला वाटते की, सारे एकट्या देवानेच केले असे म्हणून उरलेली चार पुसून टाकणेही त्या श्लोकाला धरून होणार नाही. लोकव्यवहारात आपण काय करतो? दुसरा धर्म बदलतो तेव्हा आपण पहिली चार कारणे मोजतो, म्हणजे त्याची गरज, त्याचा दुबळेपणा, कोणाचे तरी सांगणे, कोणाची तरी खटपट. आपल्या स्वतःच्या श्रद्धेची गोष्ट निघाली की मात्र थेट पाचव्यावर बोट ठेवतो. तिकडचे लोकही याच्या उलट बाजूने हेच करीत असतील.

द्वादशीस गुरुजी आले. मी त्यांना हे सारे जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितले. म्हणालो, "गुरुजी, त्या रुग्णालयातील तीन माणसांच्या हातांत पाचवे कारण नव्हते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तहानलेल्याला पाणी पाजणारा हात कोणाचा, हे आमच्या शास्त्रात विचारीत नाहीत. पण आईच्या चितेपासून तुम्हांला कोणी अडविले, हे देवाच्या माथी मारू नका. ते पहिल्या चारांतले आहे. तुमचे भाऊ होते, गाव होते, आमच्यासारखे कोट्या करणारे बुवा होते. तुमचे नातलग आले असते तर तुम्ही गेलाच नसता, हेही त्यांतच."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी चुकलो नव्हतो?"

मी म्हणालो, "ते मी कसे सांगू? तुम्ही गेलात आणि निघालात, दोन्ही वेळा खोटे वागला नाहीत एवढे मला दिसते." हे उत्तर त्यांना पुरले असे वाटत नाही. मलाही पुरलेले नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आईला पाणी देता येईल का? मला तो अधिकार उरला आहे का?" पुत्राचा अधिकार बाप्तिस्म्याने धुऊन जात असेल तर तो मुळात पाण्याहून पातळ म्हणावा लागेल. मी त्यांना तसे सांगितले आणि तीळ व दर्भ घेऊन आम्ही चंद्रभागेवर गेलो. पाणी गढूळ होते. पारणे फेडलेले वारकरी परतीची बोचकी बांधीत होते. गोत्र विचारले तर त्यांना आठवेना. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचे ते काश्यप, ही आमची जुनी सोय. आईचे नाव मात्र त्यांनी मी विचारण्याआधीच उच्चारले. ओंजळीतून पाणी सोडताना त्यांचे हात कापत होते. मग पत्नीचे नाव झाले. मी पुढचा मंत्र घेणार, इतक्यात ते म्हणाले, "बुवा, त्या तिघांपैकी दोघे आता नाहीत. त्यांना देता येईल?"

तर्पणात बांधवांना आणि जे बांधव नव्हेत त्यांनाही स्थान आहे. मी होय म्हणालो आणि नावे विचारली. त्यांनी ती सांगितली. तशी नावे माझ्या तोंडून संकल्पात पूर्वी कधी आली नव्हती. पहिले उच्चारताना मी अडखळलो, तेव्हा गुरुजींनी ते पुन्हा सावकाश सांगितले, आणि दुसऱ्या वेळी मी ते नीट म्हटले.