लोणार (स्थलनाम)

महाराष्ट्र राज्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणाचे व त्यालगतच्या खाऱ्या सरोवराचे नाव. लोकसमजुतीप्रमाणे ते लवणासुर ऊर्फ लोणासुर या दैत्यावरून पडले. हा दैत्य भूमिगत विवरात राहून प्रजेस पीडा देई. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठावठिकाणा काढून घेतला, पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडविले व त्याचा वध केला. सरोवराचे पाणी हे दैत्याचे रक्त व त्यातील क्षार हे त्याचे मांस, असे मानतात. उडालेले झाकण म्हणजे एक टेकडी होय. गावातील दैत्यसूदन मंदिराचे नाव याच कथेतील आहे. रामायणाच्या उत्तरकांडातील लवणासुर मात्र मधुवनातील (मथुरा) असून त्याला शत्रुघ्नाने मारले. त्यामुळे दोन्ही कथा एकच मानणे योग्य नव्हे.

भाषेच्या दृष्टीने नावाचे मूळ संस्कृत ‘लवण’ (मीठ) या शब्दात आहे. ‘अव’चा ‘ओ’ होऊन ‘लोण’ हे रूप सिद्ध होते. लोणचे, लोणारी हे शब्द त्याच कुळातील होत. (लोणी हा शब्द मात्र ‘नवनीत’पासून आला आहे.) तेव्हा दैत्यावरून गावाला नाव मिळाले असे म्हणण्यापेक्षा खाऱ्या पाण्यानेच गाव व दैत्य या दोघांनाही नाव दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ग्रीक पुराणकथेत हेली ही राजकन्या ज्या सामुद्रधुनीत पडली, तिला ‘हेलेस्पॉन्ट’ म्हणजे हेलीचा समुद्र म्हणत. तेथेही नाव आधी की कथा आधी, हा प्रश्न उरतोच.

‘आइन-इ-अकबरी’त लोणारचा ‘विष्णुगया’ असा निर्देश असून काच व साबण यांसाठी लागणारे क्षार तेथे निघत असल्याचे म्हटले आहे. या क्षारांच्या प्रकारांना पापडी, भुसकी, डल्ला अशी नावे होती. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये सरोवराची नोंद केली. सु. १·८ किमी. व्यासाचे हे विवर दीर्घकाळ ज्वालामुखीजन्य समजले जाई. १९७० नंतरच्या दशकातील संशोधनाने ते अशनिपातजन्य ठरले. बेसाल्ट खडकातील अशी विवरे पृथ्वीवर अत्यंत विरळ असल्याने चंद्र व मंगळ यांवरील विवरांच्या अभ्यासातही ‘लोणार’ हे नाव रूढ झाले आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेस आढळले. त्याच वर्षी सरोवराचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला.