जपानीतील ‘वारु’ : एका सकर्मक क्रियापदाचा विनियोग

यजमानाच्या घरी पेला फुटला, तर मराठीभाषक ‘माझ्या हातून पेला फुटला’ असे म्हणतो. क्रियापद अकर्मक असूनही ‘हातून’ या शब्दाने दोषाचा स्वीकार होतो. ‘मी पेला फोडला’ या वाक्यास मात्र बुद्धिपुरस्सर कृतीची छटा येते. हाच संकेत जपानीस लावणाऱ्या विद्यार्थ्याची फसगत होते.

जपानीत ‘फोडणे’ व ‘फुटणे’ यांसाठी अनुक्रमे ‘वारु’ व ‘वारेरु’ ही क्रियापदे आहेत. व्याकरणात सकर्मकास ‘तादोशी’ व अकर्मकास ‘जिदोशी’ म्हणतात. अशा जोड्यांचा पद्धतशीर विचार मोतोओरी हारुनिवा याने ‘कोतोबा नो कायोइजि’ या १८२८ च्या ग्रंथात केला होता.

प्रथम रचना पाहू. ‘वारु’च्या कर्मापुढे ‘ओ’ हा निपात येतो : ‘तामागो ओ वारु’, म्हणजे ‘अंडे फोडणे’. मराठीत ‘गणूने वाटी फोडली’ येथे कर्त्यास ‘ने’ लागतो व क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. जपानीत ‘वात्ता’ या भूतकाळी रूपाबरोबरही ‘ओ’ कायम राहतो. क्रियापदास लिंग, वचन व पुरुष यांमुळे विकार होत नाही.

अर्थक्षेत्रही सर्वस्वी समान नाही. काच, अक्रोड, सरपण यांस ‘वारु’ चालते. दहास दोनांनी भागणे हेही ‘वारु’च. परंतु फांदी मोडण्यास ‘ओरु’, कागद फाडण्यास ‘याबुरु’ व यंत्र बिघडविण्यास ‘कोवासु’ ही क्रियापदे योजावी लागतात.

खरा प्रश्न क्षमायाचनेचा आहे. ‘कोप्पु गा वारेमाशिता’ (पेला फुटला) या वाक्यात केवळ घटनेचे निवेदन आहे. भूकंपाने पेला फुटला असता ते यथार्थ ठरते; परंतु ज्याच्या हातून तो फुटला त्यानेच तसे म्हटल्यास तो जबाबदारी टाळीत आहे, असा ग्रह होण्याचा संभव असतो. तेथे ‘कोप्पु ओ वात्ते शिमाइमाशिता’ असे म्हणणे उचित होय. सकर्मक क्रियापदाने कृती आपली ठरते, आणि ‘शिमाउ’ या सहायक क्रियापदाने ती अनवधानाने घडली व आता परत फिरविता येत नाही, ही खंत व्यक्त होते. मराठीतील ‘करून बसलो’ यातील ‘बसणे’ याच जातीचे आहे. कर्त्याचा उच्चार न करताही ‘मी’ हा अर्थ प्रसंगावरून कळतो.

तात्पर्य, मराठी ज्या ठिकाणी अकर्मकाने विनय साधते, त्या ठिकाणी जपानी सकर्मकाची अपेक्षा करते. म्हणून ‘वारु’चा केवळ अर्थ पाठ करणे पुरेसे नाही, ‘ओ’पासून ‘शिमाउ’पर्यंतची संपूर्ण रचना प्रसंगासह आत्मसात केली पाहिजे.